कॉनी कॉन्व्हर्स : गोष्ट बाजूला ठेवून गाणी ऐकता येतात का?

रानजाई | शनिवार, रात्री १०.४०

गेले तीन आठवडे आमच्या ओट्यापाशी एकच बाई गातेय, कमी परिचित अशी एक अमेरिकन गायिका. कॉनी कॉन्व्हर्स. सोबत फक्त एक गिटार आणि टेपची खरखर. गाणी तिचीच, चाली तिच्याच, वाजवतेही तीच. ध्वनिमुद्रण बहुतेक १९५४ च्या आसपासचं, आणि तेही स्टुडिओतलं नाही, ओळखीच्यांच्या घरी केलेलं.

या बाईबद्दल कुठेही वाचायला गेलं की पहिल्या वाक्यात 'गायब झालेली गायिका' येतं. ते खरंच आहे. ऑगस्ट १९७४ मध्ये, पन्नाशी गाठताना, तिने घरच्यांना आणि मित्रांना निरोपाची पत्रं लिहिली, फोक्सवॅगन बीटलमध्ये सामान भरलं आणि निघून गेली. आजतागायत पत्ता नाही. गाडीचाही नाही.

माझं दुखणं असं की या गोष्टीने गाण्यांवर पांघरूण घातलंय. जो तो प्रत्येक ओळीत तिच्या जाण्याच्या खुणा हुडकतो. 'वी लिव्ह्ड अलोन' घ्या. एक बाई आपल्या घराची यादी सांगतेय. दिवा आहे, शेगडी आहे, हिरव्या रंगाचं टेबल आहे, पाठ मोडलेली खुर्ची आहे. मी नि माझं घर, दोघंच मजेत होतो, गरजा थोड्या होत्या. आणि मग शेवटी हळूच, तू हवासा वाटेपर्यंत थोड्या होत्या. संपलं गाणं! दोन मिनिटंसुद्धा नाही. या बाईला घरातल्या वस्तूंची नावं गाण्यात बसवता येत होती हो, त्याबद्दल कुणी बोलेल का?

तर प्रश्न : गोष्ट माहीत नसती तर ही गाणी तुम्हाला भिडली असती का? ज्यांनी ऐकली नाहीत त्यांनी आधी ऐका, मग वाचा. (हे सांगायला उशीर झाला, कळतंय.)

वरणफळ | शनिवार, रात्री १०.५२

मी पयला! गाणी ऐकून येतो.

बोरूबहाद्दर | शनिवार, रात्री ११.१५

गोष्ट विसरा म्हणायचं आणि दुसऱ्याच परिच्छेदात अख्खी गोष्ट सांगायची. धन्य आहात ताई.

रानजाई | शनिवार, रात्री ११.१८

@बोरूबहाद्दर, मान्य. पण मी सांगितली नसती तर तिसऱ्या प्रतिसादात तुम्हीच सांगितली असती.

बोरूबहाद्दर | शनिवार, रात्री ११.२०

दुसऱ्याच.

जुना_मर्फी | रविवार, सकाळी ७.०५

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडी भर घालतो. मूळ नाव एलिझाबेथ ईटन कॉन्व्हर्स. जन्म ३ ऑगस्ट १९२४, न्यू हॅम्पशायरमधलं लॅकोनिया. वडील बाप्टिस्ट पाद्री, घर कडक शिस्तीचं. शाळेत पहिली यायची. शिष्यवृत्तीवर माउंट होलियोक कॉलेजात गेली, दोन वर्षांनी ते सोडून न्यूयॉर्क गाठलं. तिथे ती 'कॉनी' झाली. पोटासाठी छापखान्यात नोकरी आणि रात्री गाणी. वडील गेले ते लेकीचं गाणं एकदाही न ऐकता, असं सांगतात.

आता माझ्या आवडीचा भाग. ज्याने ही गाणी टेप केली तो गृहस्थ म्हणजे जीन डाइच. नाव ओळखीचं वाटतंय? लहानपणी टीव्हीवर टॉम अँड जेरीचे काही भाग विचित्र असायचे. आवाज विहिरीतून आल्यासारखे, टॉमचा मालक सदा संतापलेला, चित्रं हलायची तीही धक्के खात. ते १३ भाग याच माणसाने १९६१-६२ मध्ये प्रागमध्ये केले. त्याला ध्वनिमुद्रणाचा नाद होता. त्याआधी डेट्रॉइटमध्ये असताना जॉन ली हूकरसारख्या ब्लूज गायकालाही त्याने असंच घरगुती टेप केलं होतं. कॉनीला एका मित्राने त्याच्या घरी नेलं, ती गायली, आणि याने यंत्र चालू ठेवलं. दोघांचा जन्म एकाच महिन्यातला, पाच दिवसांच्या अंतराने.

वरणफळ | रविवार, सकाळी ९.३०

काय सांगता! ते भाग लागले की आम्ही भावंडं 'अरे हा खोटा टॉम आहे' म्हणून ओरडायचो. खोट्या टॉमवाल्याचे आज जाहीर आभार.

खडीसाखर | रविवार, सकाळी १०.१०

@वरणफळ, तुम्ही गाणी ऐकायला गेला होतात ना?

वरणफळ | रविवार, सकाळी १०.१२

हो. ऐकतोय. मध्ये टॉम अँड जेरी लागलं.

तिसरी_घंटा | रविवार, दुपारी १२.४५

मी थोडं वाजवतो, म्हणून वाजवणाऱ्याच्या बाजूने लिहितो. आधी कबुली, पहिल्यांदा ऐकलं तेव्हा कंटाळा आला. गळा तयारीचा नाही, वरच्या पट्टीत जरा चोरटा लागतो, उच्चार वर्गात कविता म्हणून दाखवणाऱ्या बाईंसारखे. गिटार सरळ, साधी. मग 'टॉकिन लाइक यू' बसवायला घेतलं आणि तोंडावर आपटलो. ऐकताना वाटतं तीन कॉर्ड्समध्ये भागेल. भागत नाही. ती मध्येच अशा ठिकाणी वळते की हात तयार नसतो, आणि गाताना मात्र इतकी निवांत, की वळण घेतल्याचं ऐकणाऱ्याला कळतच नाही. हे पियानोवर विचार करणाऱ्या माणसाचं गिटार आहे. पुढे तिने खरंच पियानोच्या साथीची गाणी लिहिली, एक अख्खी मालिका ग्रीक पुराणातल्या कॅसान्ड्रावर आहे.

म्हणून मला तिला 'लोकसंगीत' म्हणणं पटत नाही. त्या वेळी न्यूयॉर्कमध्ये फोक म्हणजे डोंगरदऱ्यांतली जुनी गाणी गोळा करून म्हणायची, नाहीतर कामगारांच्या मोर्चात म्हणायची. स्वतःच्या खोलीतलं, स्वतःच्या मनातलं गाणं स्वतः लिहून गिटारवर म्हणणारी बाई कुठल्या कप्प्यात टाकायची हे कुणाला कळलं नसावं. ती जे करत होती त्याला नाव पडायला अजून दहा-पंधरा वर्षं होती. १९५४ साली सीबीएस या अमेरिकन टीव्ही वाहिनीच्या सकाळच्या कार्यक्रमात, निवेदक वॉल्टर क्रॉन्काइटसमोर, गायलीसुद्धा. त्यातून पुढे काहीही झालं नाही.

कोपऱ्यातली_खुर्ची | रविवार, दुपारी १.२०

@तिसरी_घंटा, इंग्रजीत कप्पा नसेल, आपल्याकडे आहे की. भावगीत! एकट्याची भावना, मोजकी वाद्यं, शब्द आधी. फक्त आपल्या भावगीताला तीन माणसं लागतात, कवी, संगीतकार आणि गायक. इथे तिन्ही एकीतच.

तिसरी_घंटा | रविवार, दुपारी १.३१

झकास! हे मला सुचायला हवं होतं.

सिन्नरची_एसटी | रविवार, दुपारी ४.००

तिन्ही एकात असलेले आपल्याकडे नाहीत असा सूर लागतोय म्हणून लिहितोय. शाहीर म्हणजे दुसरं काय असतं? आणि जवळचं उदाहरण हवं तर वामनदादा कर्डक. कॉनीपेक्षा दोन वर्षांनी मोठे, जन्म १९२२, आमच्या सिन्नर तालुक्यातलं देशवंडी. लहान वयात मुंबईला आले, मजुरी केली, लिहायला-वाचायला मोठेपणी शिकले. १९४३ पासून गाणं सुरू झालं ते २००४ मध्ये जाईपर्यंत. हजारो गाणी. स्वतः लिहायचे, चाल बांधायचे आणि गावोगाव जाऊन स्वतः गायचे. ना स्टुडिओ, ना रेडिओ. आमच्या वस्तीत १४ एप्रिलला त्यांचं गाणं लागलं नाही असं एक साल आठवत नाही.

आता सांगा, वामनदादा 'कमी परिचित' का? लाखो लोकांना तोंडपाठ असलेला माणूस या संस्थळावर शोधा, किती धागे सापडतात बघा. कॉनीवर धागा येतो. रानजाई, राग मानू नका, तुमच्या गायिकेबद्दल आकस नाही. पण कमी परिचित कुणाला, हे एकदा विचारायला हवं.

बोरूबहाद्दर | रविवार, दुपारी ४.०९

आता धागा पळणार. चिवडा घेऊन बसतो.

रानजाई | रविवार, संध्याकाळी ६.३०

@सिन्नरची_एसटी, राग कसला. वामनदादांची गाणी मी ऐकली आहेत, पण ती त्यांची आहेत हे बऱ्याच वर्षांनी कळलं, आणि ही माझी लाजच. गाणं माहीत नि माणूस माहीत नाही, असं झालं होतं. कॉनीचं उलटं आहे, माणूस (म्हणजे गोष्ट) सगळ्यांना माहीत आणि गाणी कुणी नीट ऐकत नाही. तुम्ही धागा काढा, मी पहिला प्रतिसाद देते.

एका गोष्टीत मात्र दोघं फार लांबची. वामनदादांच्या समोर माणसं होती. कॉनीच्या समोर एका दिवाणखान्यातली पाच-सात. ज्याला समोरून कुणी कडवं उचलून म्हणत नाही, त्याचं गाणं कसं होत असेल? मला वाटतं तिच्या गाण्यांतला तो बारीक मिश्कीलपणा तिथूनच येतो. 'रोव्हिंग वुमन' ऐका. भल्या बाईने दारूच्या गुत्त्यात जाऊ नये, पत्ते खेळू नयेत, असं सगळे म्हणतात, आणि ही सांगते, मी जाते खरी, पण दर वेळी कुणीतरी सज्जन येऊन मला घरी पोचवतो! पाद्र्याच्या मुलीने, त्या काळात. चेहरा सरळ ठेवून.

सिन्नरची_एसटी | रविवार, संध्याकाळी ६.४४

काढतो धागा. लेकाची परीक्षा झाली की.

खडीसाखर | रविवार, रात्री ८.१५

मला राहून राहून बहिणाबाई आठवतायत. १९५१ मध्ये त्या गेल्या, मग सोपानदेवांनी ते कागद आचार्य अत्र्यांना दाखवले, १९५२ ला पुस्तक आलं. नाहीतर सगळं जळगावातच राहिलं असतं. कॉनी आपली गाणी टेप करून भावाला, फिलिपला पाठवायची. जाताना सगळे कागद फायलींच्या कपाटात नीट लावून त्याच्याकडे सोडून गेली. इथेही घरातलाच माणूस.

कोपऱ्यातली_खुर्ची | रविवार, रात्री ८.४०

@खडीसाखर, साम्य गोड आहे पण तिथेच थांबवावं. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं, त्यांची गाणी शेतात नि घरात काम करताना झाली, ऐकणारी माणसं भोवती होती. कॉनी कॉलेजात गेलेली, पुढे एका विद्यापीठीय नियतकालिकाची व्यवस्थापकीय संपादक. तिला आपण काय करतोय हे पक्कं माहीत होतं, आणि कुणाला ते नकोय हेही.

जात्यावरच्या ओव्यांशी ताडून बघायचं तर तेही बघा. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी गावोगाव फिरून लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या. त्या बायका एकट्या पहाटे दळताना गायच्या, पण ओवी एकटीची नसते. सासूची, जावेची, शेजारणीची, फिरत येते नि पुढे जाते. कॉनीचं गाणं कुठून आलं नाही आणि ती होती तोवर पुढे फारसं कुणाकडे गेलंही नाही.

हुरडा_पार्टी | सोमवार, सकाळी ६.२०

माझा अजून रविवारच आहे. धागा वाचून झोप उडाली.

मी लग्नानंतर सहा वर्षं अमेरिकेत, मिशिगनमधल्या ॲन आर्बरला होते. १९६१ मध्ये न्यूयॉर्क सोडून कॉनी तिथेच आली, भावाच्या गावी. त्या सहा वर्षांत हे नाव मी तिथे रोज ऐकलं, आणि दर वेळी ते भावाचं होतं. नवरा राज्यशास्त्राचा विद्यार्थी. फिलिप कॉन्व्हर्स म्हणजे त्यांचा कुलगुरू, म्हणजे पदाने नव्हे, घराण्याच्या अर्थाने. सामान्य मतदाराची राजकीय मतं मुळात किती सुसंगत असतात यावरचा त्याचा १९६४ चा निबंध आमच्या जेवणाच्या टेबलावर महिनोन् महिने पडून होता. डाळीचा डाग अजून असेल त्यावर. त्याला गाणारी बहीण होती हे मला भारतात परत आल्यावर कळलं.

ती तिथे 'जर्नल ऑफ कॉन्फ्लिक्ट रेझोल्यूशन'मध्ये कारकुनीपासून लागली आणि १९६३ पासून ते नियतकालिक जवळजवळ तीच चालवत होती. युद्धं टाळता येतात का, यावर गणितं मांडणाऱ्या लोकांचे लेख तपासायचे. गाणं हळूहळू थांबलं. फार थकलेली दिसते म्हणून मित्रांनी पैसे जमवून तिला काही महिने इंग्लंडला पाठवलं. १९७२ मध्ये नियतकालिकच उचलून येल विद्यापीठात गेलं. बाई मागे राहिल्या. दोन वर्षांनी ती निघून गेली.

तिथला हिवाळा नोव्हेंबरात येतो नि एप्रिलपर्यंत हलत नाही. दुपारी साडेचारला दिवे लावायचे. मी स्वतःशी मराठीत बोलायला तिथे शिकले. रानजाई, तू म्हणतेस गोष्ट बाजूला ठेवा, पण मला 'वी लिव्ह्ड अलोन'मधला तो अंधाराला तोंड देणारा दिवा ऐकला की तिथलंच घर दिसतं. गाणं तिने न्यूयॉर्कमध्ये केलं, हे माहीत असूनसुद्धा. आता ही माझी गोष्ट झाली, तिची नाही. ही चालेल का?

रानजाई | सोमवार, सकाळी ८.०५

चालेल. पळेल.

बोरूबहाद्दर | सोमवार, सकाळी ११.३०

एक गंमत कुणीच लिहिली नाही, म्हणून. पुढे स्वतःच लिहिलेल्या गाण्यांनी गाजलेला बॉब डिलन १९६१ च्या जानेवारीत न्यूयॉर्कला पोचला आणि त्याच वर्षी ही बाई न्यूयॉर्क सोडून गेली. स्वारगेटला एक एसटी आत येतेय, दुसरी बाहेर पडतेय, तशी चुकामूक.

जुना_मर्फी | सोमवार, दुपारी १२.१०

हे वाक्य प्रत्येक लेखात असतं. मला ते आवडत नाही. जणू ती थोडी थांबली असती तर सगळं जमून आलं असतं. दहा-बारा वर्षं थांबलीच होती की तिथे. आणखी किती थांबायचं?

तिसरी_घंटा | सोमवार, दुपारी १२.१९

+१

दाणेकूट | सोमवार, दुपारी ३.५०

सगळं वाचलं. आठ गाणी ऐकली. नाही आवडलं. 'मौल्यवान दडलेला ठेवा' म्हणून सांगितलं की आपण अदबीने ऐकतो आणि आवडल्यासारखं करतो. टेपची खरखर काढली, गायब होणं काढलं, तर चांगल्या कविता आणि बेताचं गाणं उरतं. पन्नास-साठ सालच्या आपल्या आकाशवाणीवर याहून बऱ्या गायिका रोज सकाळी गात होत्या, त्यांची नावंसुद्धा निवेदकाने पुटपुटलेली.

खडीसाखर | सोमवार, दुपारी ४.०५

इनो घ्या कुणीतरी दाणेकूटना.

रानजाई | सोमवार, दुपारी ४.३०

नको, इनो नको. धाग्याच्या प्रश्नाला सरळ उत्तर देणारे ते पहिलेच आहेत.

भाकरवडी_एक्सप्रेस | सोमवार, रात्री ९.५५

उशिरा आलोय. लांब लिहिणार आहे, कंटाळा आला तर खाली सरकवा.

माझी आत्या सांगलीची. आता ऐंशीच्या पुढे. भोंडल्याला, हळदीकुंकवाला, कुणाच्या डोहाळजेवणाला ती स्वतः गाणी करायची. चाल कधी ऐकीव, कधी स्वतःची. पेटी वाजवायची. एक गाणं नळाला पाणी न येण्यावर होतं, त्यात गल्लीतल्या एकूण एक बाईचं नाव गुंफलेलं. बायका हसून लोळायच्या. एक गाणं मात्र ती कार्यक्रमात कधी म्हणत नसे, दुपारी एकटी असली की म्हणायची. काय होतं ते मला नीट आठवत नाही. खिडकी होती त्यात.

माझ्या वडिलांनी एका मे महिन्यात तिला बसवून साठ मिनिटांची कॅसेट भरली. दोन्ही बाजू. वर निळ्या शाईने 'ताई' लिहिलं. ती कॅसेट आमच्या शोकेसमध्ये होती. मी नववीत असताना मला एका नव्या सिनेमाची गाणी मित्राकडून भरून घ्यायची होती आणि कोरी कॅसेट आणायला पैसे नव्हते. कॅसेटच्या वरच्या कडेचे दोन कान मोडले की पुसता येत नाही, हे तेव्हा सगळ्यांना माहीत होतं. वडिलांनी मोडले नव्हते. पुढचं सांगत नाही. वडील काही बोलले नाहीत. आत्याला अजून माहीत नाही.

कॉनीचं ऐकताना मला ती खरखरच सगळ्यात आवडली, दाणेकूट. कारण ती आहे म्हणजे कुणीतरी ते पुसलं नाही. १९५४ ची टेप. डाइचने ती जपली, आणि २००४ मध्ये, ऐंशीच्या घरात, न्यूयॉर्कच्या एका रेडिओ कार्यक्रमात त्यातलं एक गाणं ऐकवलं. ते ऐकणाऱ्या दोघा तरुणांनी मागे लागून २००९ मध्ये १७ गाण्यांचा संग्रह काढला. मध्ये पन्नास वर्षं गेली, आणि तेवढ्या काळात त्या टेपवर कुणीही दुसरं काही भरलं नाही.

कोपऱ्यातली_खुर्ची | सोमवार, रात्री १०.२०

...

हुरडा_पार्टी | सोमवार, रात्री १०.४१

आत्याकडे गाण्यांची वही नाही का?

भाकरवडी_एक्सप्रेस | सोमवार, रात्री १०.५०

होती. एका पुराच्या वर्षी तळमजल्यावरचं बरंच गेलं. विचारायचं धाडस केलं नाही.

वरणफळ | मंगळवार, सकाळी ७.४५

सगळी गाणी ऐकून झाली. (खडीसाखर, नोंद घ्यावी.) मूळ प्रश्नावर प्रयोग केला. आईला काहीही न सांगता 'टॉकिन लाइक यू' लावलं. आईचं इंग्रजी बेताचं, म्हणून अर्थ सांगितला. दोन डोंगरांच्या मध्ये एकाकी म्हणतात अशी एक जागा आहे, पण मला तर तिथे एकटं वाटत नाही, कारण तिथलं डुक्कर, पाखरं, ओढा, सगळे तुझ्यासारखेच बोलतात.

आई गवार मोडत होती. म्हणाली, "डुकरासारखा बोलतो म्हणजे नवऱ्याला म्हणतेय." मग पुढचं लाव म्हणाली. पाच गाणी ऐकली. गोष्ट सांगितली नाही, तिनेही विचारली नाही. काल रात्री भांडी घासताना चाल गुणगुणत होती. चुकीची, पण तीच.

दाणेकूट | मंगळवार, सकाळी ८.३०

आईंना माझा नमस्कार. 'टॉकिन लाइक यू' परत ऐकतो. आवडेल असं वचन नाही.

रानजाई | मंगळवार, सकाळी ८.५०

वरणफळ, धाग्याचं सार्थक झालं. काकूंना 'रोव्हिंग वुमन' ऐकवा आणि कळवा.

भाकरवडी_एक्सप्रेस | मंगळवार, रात्री ९.१०

आत्याला फोन केला. कॅसेटचं सांगितलं. ती म्हणाली, "मला तेव्हाच कळलं होतं. तुझ्या बापाने सांगितलं होतं." बत्तीस वर्षं!

नळाचं गाणं पूर्ण पाठ आहे तिला, फोनवरच म्हणून दाखवलं. खिडकीचं पहिलं कडवं आठवतंय, दुसरं आठवत नाही, पेटी समोर असली तर येईल म्हणते. पेटीचा भाता फाटलाय. रविवारी सांगलीला जातोय. पेटी दुरुस्त करणारं तिकडे कुणी माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. मिरजेला वाद्यं करणारे आहेत, पण ते तंबोरे-सतारीवाले. ध्वनिमुद्रण मोबाईलवर करेन.

तिसरी_घंटा | मंगळवार, रात्री ९.१६

व्यनि केलाय. मिरजेलाच आहेत, पेटीचं काम करतात.

बोरूबहाद्दर | मंगळवार, रात्री ९.२५

आणि निघायच्या आधी मोबाईलमध्ये जागा करून घे रे. काय पुसायचं ते या वेळी बघून पूस.